प्रमोदने चिकटवलेले आठ तुकडे

फोन आला तेव्हा मी कारंज्याला हायवेवरच्या ढाब्यावर चहा पीत होतो. प्रमोदचाच नंबर, म्हणून उचलताच विचारलं, "बोल बे, चाललं का?" पलीकडे रेखावहिनी होत्या, त्याची बायको. "भाऊजी, हे राह्यले नाईत," म्हणाल्या. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. दिवाळीचे दिवे अजून दारात असतील…

"चाललं का" हा आमचा बारमाही प्रश्न. प्रमोद समुद्रपूरला लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायचा. पण त्याचा खरा जीव कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डात. कार्डाची मेमरी कंपनीने ठरवलेल्या वेगापुढे पळवायची, अगदी अडखळेपर्यंत, हा त्याचा छंद. मेमरी फार तापली की पडद्यावर नवरीच्या तोंडावर हिरवे चौकोन नाचायचे आणि तो खूश व्हायचा. हद्द सापडली म्हणून! "याचा उपयोग काय?" असं सगळे विचारायचे. मी विचारत नसे. एवढ्याच भांडवलावर आमची मैत्री हॉस्टेलपासून टिकली.

एका हिवाळ्यात त्याने मला कार्ड उघडून दाखवलं. "मोठ्या चिपेवर पंखा हाये, अन् ह्या मेमरीच्या आठ जणी बिचाऱ्या उन्हात. यायले बी काही पाह्यजे ना बे!" एका डीजेवाल्याच्या भंगारात जळका ॲम्प्लिफायर मिळाला. त्यातली उष्णता ओढून घेणारी, ॲल्युमिनियमची पाती असलेली पट्टी मी धरली, त्याने आरीने कापली. आठ तुकडे झाले. आता चिकटवायचे कशाने? हे दिवटे पंक्चरवाल्याकडून ट्यूबचं सोल्युशन घेऊन आले. थंडीभर तुकडे घट्ट बसले आणि मेमरी अशी पळाली की आम्ही दोघंच टाळ्या पिटत बसलो. मग चैत्र आला. आमच्याकडच्या उन्हात ट्यूबचं सोल्युशन काय टिकणार? कार्ड कॉम्प्युटरच्या उभ्या डब्यात उलटं टांगलेलं असतं. चालू मशीनमध्ये एकेक तुकडा टपाटप खाली पडला आणि पंख्यात अडकून जो खडखडाट झाला, तो ऐकून गिऱ्हाईक खुर्ची सोडून पळालं.

पुढे त्याने नागपूरहून उष्णता सोसणारा डिंक आणून तेच तुकडे पुन्हा चिकटवले, आणि तरीही भरवसा नको म्हणून अख्खा डबा आडवा निजवला. कोणी विचारलं की गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "आराम करून राह्यली मशीन." मी नोकरीसाठी कारंज्याला आलो. भेटी कमी झाल्या, फोन चालू राहिले. इथे मला माणसं भेटतात, बोलतात. पण आज मेमरी आणखी थोडी वर नेली, हे ऐकून ज्याला आनंद होईल असं कोणी नाही.

पौषात समुद्रपूरला गेलो. वहिनींच्या भाच्याला ते कार्ड हवं होतं, पण त्याच्या डब्यात हे तुकडे आड येत होते. "तेवढे काढून द्या भाऊजी, तुमाले जमते," वहिनी म्हणाल्या. मी कार्ड मांडीवर घेतलं, पहिल्या तुकड्याखाली पातळ पातं सरकवलं… आणि हात पुढे जाईना. आम्ही दोघांनी मिळून केलेली एवढीच तर वस्तू होती.

"वहिनी, निघते हे. पण मले काढावं वाटत नाई."

त्यांनी पदराने कार्डावरची धूळ टिपली. "मंग नका काढू. भाच्याले मी सांगतो काही. तुमीच घेऊन जा. माह्याजवळ राह्यलं त मी नुसती पुसून ठेवीन, मले त्यातलं काय समजते?"

कार्ड आता माझ्या खोलीत फळीवर आहे. माझ्या मशीनमध्येही ते बसत नाही. आज सकाळी धूळ झटकताना त्या तुकड्यांवरून बोट फिरवलं. थंडगार होते. इतके थंड ठेवायला आम्हाला कधीच जमलं नव्हतं.