शून्य क्रमांकाची नोंद

अंगात येणं, हाक ऐकू येणं, असलं काही कुणी सांगायला लागलं की मी आधी विचारते, "तेव्हा किती वाजले होते? कुठे लिहून ठेवलंय का?" लिहिलेलं नसतं. विषय तिथेच संपतो. या वेळी मात्र लिहिलेलं आहे... आणि तेही माझ्याच अक्षरात, हीच अडचण आहे.

मी पनवेलला राहते. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बावीस वर्षं काढली. माहेर गव्हाणचं. माझी हिराआत्या तिथली धवलारीण — म्हणजे आमच्या आगरी लग्नात मांडवात बसून धवले गाणारी. तिच्या गाण्याशिवाय आमच्याकडे हळद लागत नाही. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ. शेवटच्या वर्षी ती दर रविवारी माझ्याकडे यायची. ती सांगायची, मी पीसीवर टाईप करायचे. एकशे शहाऐंशी धवले झाले. क्रमांक आणि वेळ सर्व्हर आपोआप घालायचा. शेवटच्या रकान्यात नोंद करणाऱ्याचं, म्हणजे माझं, नाव मी घालायचे.

"माज्यामागं मांडव मुका नाय ना ऱ्हायचा गो?" ती दर रविवारी विचारायची.

"नाही राहणार," मी दर रविवारी सांगायचे.

एक गोष्ट मात्र मी गाळली. गायला बसण्याआधी आत्या देवांना आणि तिच्या आधीच्या धवलारणींना एकेकीचं नाव घेऊन बोलवायची. दर वेळी तेच. म्हटलं, तोच मजकूर साठवायचा कशाला? आत्या हसली. "तुजी यादी, तुजी मर्जी."

पुढे आत्या गेली. यंदा माझ्या भाचीचं, प्राचीचं लग्न ठरलं. तिची आई, माझी कुंदावहिनी, धवले गाणार होती. वहिनीला निम्मे पाठ, उरलेले माझ्या प्रिंटवरून. क्रम आदल्या दिवशीपर्यंत ठरत होता, म्हणून प्रिंट हळदीच्या सकाळवर ठेवले. हळद चार वाजता. वहिनी बाराला कागद न्यायला येणार.

साडेदहाला पीसी लावला, तर डेटाबेस उघडेना. कनेक्शन रिफ्यूज्ड. सर्व्हर कुठे लांब नाही, माझ्याच पीसीत चालतो. म्हणजे आपण आपल्याच घराचं दार वाजवतोय आणि आतून "कोण?" सुद्धा नाही. बॅकअप होता, पण तो उघडायलाही सर्व्हरच लागतो.

अशा वेळी मी घाबरत नाही, यादी काढते. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. प्रत्येक पायरीसमोर वेळ लिहायची, हा माझा नियम. १०.४० — सर्व्हिस चालू दिसते. १०.४५ — पोर्ट बरोबर, दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने अडवलेला नाही. १०.५५ — फायरवॉल, पासवर्ड तपासले. ११.०५ — सर्व्हर पूर्ण बंद. ११.१५ — पुन्हा सुरू. मधली दहा मिनिटं मी ओट्याशी उभी राहून चहा प्यायले. घरात दुसरं कुणी नव्हतं.

तरी नाहीच.

दादाचा, म्हणजे प्राचीच्या वडिलांचा, फोन आला. "जमत नाय तर सोड गो. डीजेवाल्याला सांगतो, मोबाईलवरची हळदीची गानी लावंल."

"आत्याच्या घरच्या मांडवात?" मी फोन ठेवला. खरं सांगते, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तिला दिलेला एकच शब्द होता.

बाराला वहिनी आली. माझ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं. "वन्सं, तुमी करा तुमचं. मी जरा घसा मोकला करते." आणि पीसीशेजारी पाट घेऊन बसली. आधी देवांना बोलवलं, मग धवलारणींना. एकदा बोलावणं सुरू झालं की मधे कुणी बोलायचं नाही, म्हणून मी माऊसवरचा हात काढला. वहिनीने चार नावं घेतली आणि अडकली. पुढचं तिला येत नव्हतं. मग तिने हात जोडले.

"जिचं नाव ऱ्हायलं, तिनं बी यावं."

मी क्लिक केलं. उघडलं.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. सर्व्हरला सावरायला कधीकधी वेळ लागतो. पण एकूण नोंदी दाखवत होत्या एकशे सत्त्याऐंशी! सगळ्यात वर, क्रमांक शून्य. सर्व्हर एकपासून मोजतो, शून्य तो आपणहून देत नाही. आत देवांचं बोलावणं, शब्दन् शब्द. खाली वहिनीची चार नावं. पाचवं — मथी. सहावं — हिरा.

जिवंतपणी आत्या त्या यादीत स्वतःचं नाव कसं घेईल?

आणि नोंदीची वेळ : ११.१०.

मी कपाटाचं दार उघडून बघितलं. ११.०५ बंद, ११.१५ सुरू. पीसीचं घड्याळ मोबाईलशी ताडून पाहिलं, बरोबर होतं. वहिनी म्हणाली, "आता बघत काय बसलाव? छापा की!"

छापलं.

चार वाजता गव्हाणच्या मांडवात वहिनी उभी राहिली तेव्हा मुलाकडच्या बायका कुजबुजल्या, "कागुद बघून गानार वाटतं ही!" वहिनीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सहाही नावं घेतली. पाचव्या नावाला नवऱ्या मुलाची आजी उठून पुढे आली, सहावं होताच वहिनीचा हात घट्ट धरला.

"मथी माजी थोरली मावशी. लगीन करून तुमच्या गावात आलेली. तिचं नाव आता कुनाला ठावं हाय?"

"आमच्याकडं लिवलेलं हाय," वहिनी ताठ मानेने म्हणाली, आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "आमच्या वन्संकडं!"

आजी मग तिथेच बसली आणि गायला लागली. पाठोपाठ कुजबुजणाऱ्यासुद्धा. डीजेवाला स्पीकरवर हात ठेवून ऐकत होता. दादा माझ्याकडे बघत नव्हता.

लॅबमधल्या दोघांना मी नंतर ती नोंद दाखवली. सर्व्हरचा लॉगही दाखवला. बंद ते सुरू, मधे काही नाही. दोघांनी तीन-तीन कारणं सांगितली, संध्याकाळपर्यंत स्वतःच खोडली.

त्या नोंदीचा शेवटचा रकाना, नोंद करणाऱ्याचा, कोरा आहे. आयुष्यात मी एकही रकाना कोरा सोडलेला नाही. हा सोडलाय. तिथे माझं नाव घालणं खोटं होईल, आणि खरं नाव... ते वरच्या ओळीत लिहिलेलंच आहे.