अंगावरची शिलाई

गाऊन त्याच्या अंगावरच होता. तो त्याने काढला नाही. खुर्चीत मागे रेलून त्याने पाय पुढे केले, गाऊनची उसवलेली कड उचलून दाखवली आणि खोलीतल्या सगळ्यांना कळावं म्हणून मोठ्याने तमिळमध्ये म्हणाला, "तुझ्या अप्पाचीच शिलाई ना ही? बघ कशी उसवली. सुई असेलच बॅगेत. घाल चार टाके."

सुई होती. शिंप्याच्या घरातल्या मुलीच्या बॅगेत असतेच.

मी म्हणाले, "सर, काढून द्या. पाच मिनिटांत करते."

"वेळ नाही. तसंच कर."

खोलीत चार पक्षकार, दोन ज्युनियर आणि गुमास्ता. मी काळ्या कोटात, गळ्यात पांढरे बँड, गुडघे टेकून त्याच्या बुटांपाशी बसले. तो फोनवर कुणाशी तरी क्रिकेटबद्दल बोलत होता. मधेच पाय हलवायचा. एकदा सुई माझ्या बोटात गेली. कात्री नव्हती. दोरा दाताने तोडायचा म्हणजे तोंड त्याच्या घोट्यापर्यंत न्यावं लागणार. नेलं. तोडला. कुणी हसलं नाही. हसले असते तर मला राग तरी आला असता. सगळे असे बसले होते की जणू हे रोजचंच आहे.

आज हे लिहितानासुद्धा मला किळस येते. त्याची येते, आणि माझीही येते.

त्याला मी इथे 'तो' म्हणणार. सहा वर्षं 'सर' म्हटलं. पुरे झालं.

आम्ही तंजावरकडचे मराठी. तोही तंजावरकडचाच. त्याचे पूर्वज राजाच्या कचेरीत लिहायचे, आमचे राजाचे अंगरखे शिवायचे. राजा जाऊन किती पिढ्या झाल्या, कचेरी गेली, अंगरखे गेले. पण कोण खुर्चीत बसणार आणि कोण खाली, हे काही गेलं नाही. चेन्नईत येऊनही नाही. तिरुवल्लिकेणीत, सड्याफटिंग पुरुषांच्या लॉजच्या गल्लीत, अप्पांचं दुकान आहे. दोन मशीन. वकिलांचे गाऊन आणि कोट शिवणं हाच धंदा. मी वकील व्हायचं ठरवलं ते त्या काळ्या कापडाच्या ढिगात बसून अभ्यास करताना. सनद मिळाली तेव्हा अप्पाच मला त्याच्या ऑफिसात घेऊन गेले. "आपली भाषा बोलणारा माणूस आहे," म्हणाले. ती आमची पहिली चूक. भाषा एक म्हणजे माणूस आपला, असं आम्हीच समजतो. त्याच्यासारखे समजत नाहीत.

तो मराठी बोलायचा, पण काही हवं असेल तेव्हाच. हुकूम तमिळमध्ये, लाडीगोडी मराठीत.

त्याला 'सीनियर' ही पदवी होती. ही वयाची गोष्ट नाही. न्यायालय ती मान म्हणून देतं. मग वकिलाला वेगळ्या धाटणीचा गाऊन घालता येतो. तो गाऊनही अप्पांनीच शिवला होता. पदवीबरोबर बंधनंही येतात. अशा वकिलाने स्वतः वकालतनामा, म्हणजे वकीलपत्र, दाखल करायचा नाही. पक्षकाराकडून थेट काम घ्यायचं नाही. कागदावर नाव दुसऱ्या वकिलाचं हवं, तो फक्त उभा राहून बोलणार. नियम करणाऱ्यांनी चांगल्या मनाने केला असेल. आमच्या ऑफिसात त्याचा अर्थ एवढाच होता, की बोलणार तो, ठरवणार तो, आणि सही माझी.

मुत्तुलक्ष्मी अम्मांच्या वकालतनाम्यावरही माझीच सही होती. अम्मा वेलचेरीत एका मोठ्या सोसायटीत जिने झाडतात. त्या सोसायटीच्या मागेच त्यांचं दोन खोल्यांचं घर, मधून पाण्याची जुनी वाट. सोसायटीच्या बिल्डरने त्या वाटेवर भिंत घालायला घेतली. भिंत झाली तर पाऊसकाळात सगळं पाणी अम्मांच्या घरात. म्हणून दावा. त्यांची हकिगत त्याने स्वतः ऐकली होती, ऑफिसातल्या त्याच खोलीत. "काळजी करू नका मा, भिंत होऊ देणार नाही," असं म्हणाला होता. मी लिहून घेत होते.

मग एक दिवस ऑफिसातले आम्ही सगळे त्याच्या मुलाच्या लग्नाला गेलो, तिथे मला तो बिल्डर दिसला. पहिल्या रांगेत, नव्या व्याह्यांच्या शेजारी. मी पाहिलं आणि जेवून घरी आले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ते गाऊनचं झालं. आणि त्याच दिवशी दुपारी, कोर्टाच्या व्हरांड्यात, त्याने मला अम्मांच्या दाव्याची फाईल दिली. फाईलच्या पाठीवर वकिलाने एक ओळ लिहून सही केली की दावा मागे घेता येतो. आमच्याकडे रोज शेकडो अशा ओळी लिहिल्या जातात. तो म्हणाला, "मागे घेतोय असं लिही. पुन्हा नव्याने दाखल करू. अम्मांशी मी बोललोय."

मी अम्मांना फोन केला नाही. फोन माझ्या हातातच होता. सकाळी गुडघे टेकले होते. दुपारी सही करायला असं काय लागतं? केली. दोन मिनिटांत दावा निकाली निघाला.

नवा दावा कधी दाखल झालाच नाही. भिंत झाली. पाऊसकाळात अम्मांच्या घरात मांडीइतकं पाणी चढलं. त्यांच्या नातीची दहावीची पुस्तकं, रेशनचा तांदूळ, शिवणयंत्राची मोटर, सगळं गेलं. अम्मा ऑफिसात आल्या तेव्हा पातळाला चिखलाचा वास येत होता. तो खोलीतून बाहेर आला, त्यांच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "कोण आहेत या? मी पक्षकारांना भेटत नाही, माहीत आहे ना तुला?"

अम्मा त्याच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. म्हणाल्या, "वक्कील अम्मा, तुम्ही तरी ओळखता ना मला?"

मी मान खाली घातली. सही इंग्रजीत केली होती, गप्प तमिळमध्ये बसले. म्हणून हे आता मराठीत लिहितेय. निदान एका भाषेत तरी तोंड उघडावं.

अम्मांनी वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या परिषदेकडे तक्रार केली. नोटीस एकाच नावाने आली. माझ्या.

त्या संध्याकाळी त्याने मला आत बोलावलं, बस म्हणाला, कॉफी मागवली. सहा वर्षांत पहिली कॉफी. आणि मराठीत सुरू झाला. "घाबरू नको गं. तू आमच्यातली. बाईने तोंडी संमती दिली होती, एवढं प्रतिज्ञापत्रावर लिहून दे. त्या बाईकडे पुरावा काय आहे? कमिटीतले दोघे माझ्या मतांनी निवडून आलेत. वकिलांचं घर आहे ते. घरातलं घरात मिटतं."

जबाब तयारच होता. टाईप करून. माझ्या नावाखाली सहीची जागा सोडलेली. कॉफी संपेपर्यंत सही व्हावी अशा बेताने पेनही उघडून ठेवलेलं. मी कागद बॅगेत घातला आणि निघाले.

घरी अप्पांना सांगितलं. भिंतीचं, सहीचं, नोटिशीचं. ते काजं करत ऐकत होते. सांगता सांगता गाऊनचंही तोंडातून निघून गेलं. तिथे त्यांचा हात थांबला.

"अंगावर शिवलास?"

"हो."

"घातलेला असताना?"

"हो, अप्पा."

आमच्यात अंगावरचं कापड शिवत नाहीत. अपशकुन म्हणतात. पण अप्पांना अपशकुनाचं काही नव्हतं. पन्नास वर्षांत मोठमोठ्या लोकांची मापं त्यांनी घेतली, पण टाका घालायचा तर कपडा उतरवून द्या, असं प्रत्येकाला सांगितलं. त्यात त्यांची गिऱ्हाइकं गेली. ते म्हणाले, "शिंपी कापडासाठी वाकतो, पोरी. माणसासाठी नै. ते जमलं नै तुला, म्हणून ते पुढचं झालं." आणि पुन्हा मशीनवर बसले. मला जवळ घेतलं नाही, काही नाही.

मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. तो जबाब फाडला आणि जेवायला बसले.

परिषदेच्या शिस्तपालन समितीत तीन वकील बसतात. मोठं टेबल, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांची बशी. अम्मा भिंतीला लागून उभ्या होत्या, कारण त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. सुनावणी सुरू होणार तेवढ्यात तो आत आला. त्याचा या प्रकरणाशी कागदोपत्री काहीच संबंध नव्हता. "सहज आलो," म्हणाला. आणि समितीतले तिघेही खुर्चीतून अर्धे उठले. न्याय द्यायला बसलेली माणसं, ज्याने पाप केलं त्याला पाहून अर्धी उठली. पूर्ण उठायची लाज वाटली असेल, बसून राहायची भीती. बिस्किटांची बशीही त्याच्याकडे सरकली.

अध्यक्षांनी मला विचारलं, "तोंडी संमती होती, असंच ना?"

मी म्हणाले, "नव्हती. मी त्यांना विचारलंच नाही. यांनी सांगितलं म्हणून सही केली. हे जे बिस्कीट खातायत त्यांनी."

त्याने बिस्कीट खाली ठेवलं.

अध्यक्षांनी कागद चाळले. बराच वेळ. मग म्हणाले, "वकालतनाम्यावर त्यांचं नाव नाही. तक्रारीतही नाही. आमच्यासमोर फक्त तुम्ही आहात. आमचे हात बांधलेले आहेत."

"मी हे लेखी देते."

"आज विषय तुमचा आहे, मॅडम."

अम्मांनी मधेच विचारलं, "आणि माझी भिंत?"

अध्यक्ष त्यांच्याशी मात्र सौम्यपणे बोलले. "भिंतीचं आमच्याकडे नसतं मा. आम्ही वकिलाला शिक्षा करू शकतो. दावा परत देऊ शकत नाही, भरपाई देऊ शकत नाही. त्यासाठी कोर्टात जा."

"कोर्टातूनच आले आहे," अम्मा म्हणाल्या.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत. पण निदान कुंपणापर्यंत तरी धावा! कायदा मीही वाचलाय. तक्रार आली तरच हलायचं असं त्यात नाही. एखाद्या वकिलाने गैरवर्तन केलंय असं मानायला कारण असेल, तर परिषद आपणहून प्रकरण हातात घेऊ शकते. समज देऊ शकते, सनद स्थगित करू शकते, यादीतून नाव कायमचं काढू शकते. कारण तर त्यांच्यासमोर बसून बिस्कीट खात होतं. हात कुणी बांधले नव्हते. त्यांनीच हाताची घडी घातली होती.

माझी सनद सहा महिन्यांसाठी स्थगित झाली. जिन्यात गुमास्ता भेटला, हळूच म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, मा." सहा वर्षांत आमचं मराठी ऐकून ऐकून तो अशा म्हणी शिकला होता. मी त्याला म्हटलं, मी संन्यासी नाही. सही माझी होती. सहा महिने मला मिळाले ते बरोबरच मिळाले. त्या बिस्कीट खाणाऱ्याला काहीच मिळालं नाही, ते चूक.

फाटकापाशी मी अम्मांची माफी मागितली. वाटलं होतं हात धरतील. नाही धरला. म्हणाल्या, "तुम्ही खरं बोललात, बरं केलंत. पण भिंत आहे तिथेच आहे." आणि शेअर ऑटोत बसून निघून गेल्या. कामावर जायचं होतं. माफीने त्यांच्या घरातलं पाणी ओसरणार नव्हतं, आणि त्यांनी मला माफ करावंच, असा कायदा कुठेही नाही.

दुसऱ्या दिवशीपासून मी दुकानात बसते. गाऊन शिवते. गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहिते. दोन कागद लिहून झाले.

पहिला माझं प्रतिज्ञापत्र. पक्षकाराला न विचारता मी दावा मागे घेतला, असं त्यात स्पष्ट आहे. ते जोडून अम्मांच्या नव्या वकिलाने जुना दावा पुन्हा उघडावा म्हणून अर्ज केलाय. सुनावणीला मी जाते. मागच्या बाकावर, साध्या साडीत. अम्मा अजून माझ्याशी बोलत नाहीत.

दुसरा कागद म्हणजे त्याच्याविरुद्धची तक्रार. अम्मांची हकिगत त्याने कधी ऐकली, माझ्याकडून सही कुठे घेतली, खोटा जबाब कुणी टाईप करवला, सगळं. फाडलेला जबाब मी चिकटवून जोडलाय. वकील म्हणून मी आज उभी राहू शकत नाही. पण तक्रार करायला सनद लागत नाही. ती कुणीही करू शकतं.

परिषदेच्या खिडकीवरच्या कारकुनाने नाव वाचलं आणि आवाज खाली आणला. "यांच्याविरुद्ध? नीट विचार केलाय ना? सहा महिन्यांनी परत याच कोर्टात यायचंय तुम्हाला."

"म्हणूनच," मी म्हणाले. "शिक्का मारा."

त्याने मारला नाही. साहेबांना विचारून येतो म्हणाला, आत गेला. मी खिडकीपाशी उभी राहिले. मागच्या लोकांनी बाजूला व्हा म्हटलं, झाले नाही. पाऊण तासाने कारकून परत आला आणि शिक्का मारून पोच दिली. पोचेवर, तक्रार कुणाविरुद्ध या रकान्यात, त्याचं नाव आहे. इतक्या वर्षांत वाईट कामाच्या कागदावर त्याचं नाव पहिल्यांदा आलं. यातून काही होईल, असं मी म्हणत नाही. वर्षात निकाल दिला नाही तर प्रकरण वरच्या परिषदेकडे जातं. तिथेही अर्धे उठणारे असतील. मग त्याच्या वर जाईन.

काल त्याचा गुमास्ता दुकानात आला होता. हातात तोच गाऊन. माझे टाके उसवले होते. घाईत, वाकून, भीतीने घातलेले टाके, ते टिकणार कसे? "साहेबांना उद्या सकाळी हवाय," तो म्हणाला, माझी नजर चुकवून. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

मी गाऊन घडी करून परत दिला. म्हणाले, "या माणसाचं इथे शिवून मिळणार नाही. अंगावर नाही, आणि उतरवूनही नाही."