राजुरीला गेलेला बिनआवाजाचा इंजिनीयर

राजुरीला जायचं म्हटलं की "तिथे बघण्यासारखं काय आहे?" असं लोक विचारतात. आम्हाला मुलगी बघायची होती. गोष्ट मिस्ड कॉलच्या जमान्यातली. माझा भाचा संदीप पुण्यात एका गाड्यांच्या कंपनीत इंजिनीयर. काम काय, तर धावत्या गाडीतले नको ते आवाज शोधून घालवायचे. हे समजावून सांगता सांगता त्याची सगळी स्थळं गेली. एका होऊ घातलेल्या सासऱ्यानं तर "म्हणजे हॉर्नवाला" असा निकाल दिला. पहिल्या स्थळाच्या वेळीच ताईनं माझ्या गाडीत नारळ ठेवला होता: लग्न ठरलं की भीमाशंकरला फोडायचा.

खेडच्या घाटात कांद्याच्या ट्रकमागे रांगत होतो. प्रत्येक खड्ड्याला माझ्या गाडीत कुठेतरी खुळखुळ व्हायची आणि संदीप डॅशबोर्डला कान लावायचा. मंचरला मिसळ खाताना त्यानं सराव म्हणून वेटरला आपलं काम समजावलं.

"आवाजच न्हाई तर गाडी चाललीय हे कळायचं कसं, राव?" म्हणत तो पाव आणायला गेला. मिसळ उत्तम. पुढे लग्नाची बोलणी असतील तर जादा तर्री मागू नका.

आळेफाट्याला उजवीकडे वळलो. राजुरीत मुलीचे वडील दारातच उभे होते. "या पावणं. फाट्यावरनंच ऐकू आला तुमी."

पोहे आले, वैशाली आली. तिच्या आजोबांनी, म्हणजे अण्णांनी, कामाचं विचारलं. संदीप कंपनांपासून सुरू झाला आणि "काम चोख झालं की काहीच ऐकू येत नाही," इथे थांबला.

"आमच्या तलाठ्यागत," अण्णा म्हणाले. "त्याचंबी लई वर्षं काय ऐकू येत न्हाई."

वडील म्हणाले, "आधी मामाच्या गाडीचा आवाज घालवा, मग पुढचं बोलू."

संदीपनं सगळ्यांना गाडीत कोंबलं आणि ऐकायला एकेक जागा वाटून दिली. मी गावातून चक्कर मारली. दरवाजाला कान लावलेले अण्णा बघून पारावरून कोणीतरी विचारलं, "अण्णांना दवाखान्यात न्हेताय व्हय?"

एवढ्यात वैशालीनं मागच्या सीटखाली हात घातला आणि ताईचा नारळ बाहेर काढला. हलवला. खुळखुळ. आतलं खोबरं वाळून सुटलं होतं. लग्न ठरलं की भीमाशंकरला फोडायचा नारळ आहे, हे मी सांगून टाकलं.

"एवढा वाळेपर्यंत किती मुली बघितल्या?" तिनं संदीपला विचारलं.

"मी फक्त गाडीचे भाग तपासत होतो, सामान नाही," संदीप म्हणाला.

तिनं नारळ मांडीवर घट्ट धरला. गाडी गपगार.

"आता काय ऐकू येत न्हाई," अण्णा म्हणाले.

"हेच त्यांचं काम, अण्णा," वैशाली म्हणाली. " भाजीत मीठ बरोबर पडलं की जेवताना कोण मिठाचं नाव काढतं का?"

"मग मगाशीच मीठ म्हणायचं की, भाऊ," अण्णा संदीपला म्हणाले.

निघताना वैशालीनं नारळ संदीपच्या हातात दिला. "हा आता घरी नेऊ नका. जाताना वाटेतच भीमाशंकर आहे."

"वाटेत नाही," संदीप म्हणाला, "मंचरहून घोडेगावकडे आत वळावं लागतं."

वडिलांनी कपाळाला हात लावला. "ह्याला बिनआवाजाचं कायबी कळत न्हाई व्हय?"

भीमाशंकरचा घाट चढून जाईपर्यंत त्याला तो होकार कळला. नारळ फुटला, अख्खा गोटा निघाला. पुण्यापर्यंत गाडी इतकी शांत की मी दोनदा उतरून इंजिन बघितलं.

आता संदीप काय करतो असं कोणी विचारलं की ताई सांगते, "मीठ घालतो." कोणाला काही कळत नाही, पण परत कोणी विचारत नाही.