पेवातली दुपार

तीस वर्षं मी धाराशिवच्या एका शाळेत इतिहास शिकवला. लढाई आली की माझा आवाज चढायचा. फळ्यावर बाण काढायचो, ही फौज इकडून, ती तिकडून. कुणी कुणाला गादीवरून खाली ओढलं, तहात कुणाला किती मुलूख मिळाला. पोरं भान हरपून ऐकायची.

एका वर्षी मुक्तिदिनाच्या कार्यक्रमात, निजामाचं राज्य जाताना पाहिलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी ऐकवायचं ठरलं. माझी थोरली आत्या तेव्हा हयात होती, ईट या गावी राहायची. रविवारी एसटीनं गेलो. ती ओसरीवर डाळ निवडत बसली होती. मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून पुढ्यात ठेवला.

"आत्या, राज्य बदललं तेव्हा तुम्ही केवढ्या होता?"

"आठ वर्साची असंन. राज्य बदललं ते मागनं कळलं. आदी बंदुकवाले आले, येवढंच म्हाईत."

"कुणाची माणसं होती?"

"कपाळावर लिवलेलं आसतं व्हय रं?"

मग ती सांगत गेली. भर दुपारी गावात ओरडा झाला. आजोबा माझ्या वडलांना घेऊन रानात गेले होते. अंगणात धान्य साठवायचं पेव होतं, जमिनीखाली पुरुषभर खोल, त्या साली रिकामंच. आजीनं आत्याला त्यात उतरवलं, चार महिन्यांचा भाऊ तिच्या हातात दिला आणि वर फरशी सरकवली. स्वतः ती वरच राहिली, कारण घरात अंथरुणाला खिळलेली सासू होती.

"आत लई अंधार. डोक्यावर पावलं वाजाय लागली, आन् ह्यो कुरकुरला. म्या त्याच्या तोंडावर हात ठिवला. गप रं माज्या राजा, म्हनले. पावलं जाईस्तवर हात काढला न्हाय."

"मग?"

आत्यानं डाळीतला खडा उचलून बाजूला टाकला.

"मग त्यो रडलाच न्हाय."

आमच्या घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं, की माझ्या वडलांच्या पाठचा एक भाऊ तापानं गेला.

"आईनं फरशी काढली. त्याला घेतलं, माज्याकडं बघितलं. 'ताप आलता त्याला, ध्यानात ठिव,' म्हनली. मरस्तवर तिनं बोल लावला न्हाय मला. लावला आसता तर बरं झालं आसतं."

मी मोबाइल बंद केला. हे पोरांना ऐकवू का, असं विचारायची हिंमत झाली नाही. तीच म्हणाली, "म्या गेल्यावर ऐकीव."

कार्यक्रमात मी दुसऱ्या कुणाची तरी झेंडा चढवल्याची आठवण ऐकवली. टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात नववीच्या वर्गात 'फौज हा मुलूख तुडवत पुढे सरकली' असं वाक्य आलं. खडू हातात होता, बाण काढता येईना. वाटेत गावं किती लागली असतील, तिथली माणसं कुठं लपली असतील, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मीही ते कधी विचारलं नव्हतं.

दोन वर्षांनी आत्या गेली. निवृत्तीआधीच्या शेवटच्या आठवड्यात मी तिचा आवाज वर्गाला ऐकवला. रेकॉर्डिंग संपलं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, ती माणसं आपली होती का त्यांची?"

"माहीत नाही."

"मग राग कुणाचा धरायचा?"

मी तिला खाली बस म्हणालो.