सनईला लावलेलं कुंकू

अगं बाई, वाजेचना! माझी पोरगी गाल फुगवून फुंकतेय, नुसती हवा येतेय, आणि सनई दान देणाऱ्या ताई समोरच बसलेल्या. सकाळी नवी वस्तू म्हणून मीच ओलं हळदकुंकू लावलेलं, थेट फुंकायच्या पत्तीला. तिची दोन्ही पाती एकमेकांना चिकटूनच बसली.

कुणी काही दिलं की आपण आधी पूजा करतो. कसं सांभाळायचं ते विचारायची लाज वाटते.

"काय गं, नीट ठेवता येत नाही?" ताई म्हणाल्या.

"माझ्याकडून झालं," पोरगी बोलली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही तिनं.

अशा अडाणी घरात सनई कशाला, म्हणून परत नेतील, या भीतीनं मी गप्पच राहिले. लेकरू बोलणी खात होतं. तुम्ही असता तर उठून बोलला असता का हो?