गबनितबाईंचं दार

आयर्लंडमधल्या केरीच्या पश्चिम टोकाला, जिथून बेटावर जायची होडी सुटते त्या धक्क्यावरच्या सार्वजनिक संडासाची राखण गबनितबाई तेवीस वर्षं करत होती. झाडणं-पुसणं हे कामाचं नाव. खरं काम चुकलेल्या पुरुषांना हाताला धरून बाहेर काढणं.

चूक दारांची होती. एका दारावर रोमन अक्षरांत ‘म्ना’, दुसऱ्यावर ‘फिर’. गावच्या आयरिश भाषेत म्ना म्हणजे बायका आणि फिर म्हणजे पुरुष. पण इंग्रजी डोक्याचा पाहुणा पहिलं अक्षर बघतो. एम दिसला की ‘मेन’ समजून शिरतो, एफ दिसला की बायकोला तिकडे धाडतो.

“मावशी, इंग्रजीत लिहून टाक ना,” तिकिटं विकणारा तिचा भाचा मुर्श म्हणायचा.

“मी शिकागोला गेले तर ते माझ्यासाठी आयरिशमध्ये लिहितील का रे?” एवढ्यावर विषय संपायचा.

जुलैतल्या एका सकाळी वेंडेल नावाचे ओहायोचे निवृत्त न्यायाधीश, अंगाने चांगले भरलेले, ऐटीत ‘म्ना’त शिरले. बाई तेव्हा नळावर बादली भरत होती. ती हाक मारणार तोच कॉर्कहून आलेली बस थांबली आणि चर्चच्या गायनमंडळाच्या चाळीस बायका धावतच आल्या.

बाईने दारात फडक्याची काठी आडवी धरली. “पाइप फुटलाय. आत पाणीच पाणी.”

“अगं बाई, आमचेही फुटायची वेळ आलीय,” मंडळाची प्रमुख म्हणाली. “अडीच तास बसलोय त्या बसमध्ये.”

“मग पलीकडे जा. पुरुषांना मी थोपवते.”

चाळीसजणी ‘फिर’मध्ये घुसल्या. होडीच्या रांगेतले पुरुष एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिले. बाई ‘म्ना’त गेली तर शेवटचं दार बंद, आणि खाली पाय दिसेनात. साहेबांनी बायकांचे आवाज ऐकून पाय वर घेतले होते.

“साहेब, उतरा खाली. पेटके येतील.”

“आलेत,” आतून बारीक आवाज आला. “बाई, मी असा माणूस नाही.”

“ठाऊक आहे. तसे असतात ते पाय वर घेत नाहीत. ही बादली धरा, बाह्या वर करा आणि प्लंबरसारखे बाहेर चला.”

साहेब लंगडत बाहेर आले. प्रमुखबाई समोरच उभी. “झाला का हो दुरुस्त?”

जन्मात कोर्टापुढे खोटं न बोललेला तो माणूस बादली सावरत म्हणाला, “बराचसा.”

आता त्यांची बायको गाडीसकट गायब. तासाभराने लोरेनबाई आल्या त्या घामाघूम. “रस्त्यावर दर वळणाला मोठ्या अक्षरांत लिहिलंय ‘गो मॉल’. म्हटलं हे येईपर्यंत छत्री तरी घेऊ. टेकडीला दोन फेऱ्या मारल्या, मेंढरांखेरीज काही नाही.”

“ते ‘गो माउल’ आहे, ताई,” गबनित म्हणाली. “म्हणजे हळू चालवा.”

“अय्या. मी तर दुकानं बंद होतील म्हणून जोरातच हाकत होते.” मग नवऱ्याकडे वळून, “तुम्ही होता कुठे?”

“बादली उचलायला मदत करत होतो,” साहेब म्हणाले. हे मात्र खरं होतं.

त्या दिवशी घरी जाताना बाईला त्यांचा तो बारीक आवाज आठवत राहिला. बिचाऱ्याचा काय दोष? पण इंग्रजी लिहिणं तिच्या हातून होणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने होडीला लावायचा उरलेला निळा रंग आणला आणि ‘म्ना’वर एक बाई काढली. आरसा तेवढा हाताशी होता, म्हणून चित्र तिच्यासारखंच उतरलं: रुमाल बांधलेला, भुवया चढलेल्या, हातात काठी.

पुरुष शिरायचे थांबले, तेही एकदम. त्या भुवयांसमोर कुणाची टाप नव्हती. पण आता बायकाही दाराशी घुटमळू लागल्या. कुणी टकटक करायची, कुणी ‘मालकीणबाई, जाऊ का?’ असं विचारायची.

“जा गं, जा,” बाई नळापाशी बसल्या बसल्या सांगायची. “माझं घर नाही ते.”