भिंतीतले डोळे

आरसेमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लोकांच्या घरातल्या भिंतींवर नक्षी रंगवून द्यायची, हा त्यांचा धंदा. आणि खिशात कायम आरशाच्या दोन पट्ट्या, कापडी चिकटपट्टीने पुस्तकासारख्या जोडलेल्या. टेबलावर हाताला लागेल ते पसरायचं, बटणं, पेन्सिलीची सालं, कांद्याची टरफलं, आणि त्यावर आरसे उघडून धरायचे. शोभादर्शकाच्या नळीत दिसतं तसं फूल दिसायचं. आवडलं की कागदावर उतरवायचं, पुठ्ठ्यात साचा कापायचा, की भिंत सुरू.

या कामात एक खोट असते. कुठलाही आकार आरशात जोडीने दिसला की त्यातून चेहरा निघतो. दोन ठिपक्यांचे डोळे होतात, मधल्या रेघेचं नाक. कारागिराला तो दिसत नाही, कारण त्याचं नाक भिंतीला टेकलेलं. लांबून, डोळे किलकिले करून बघावं लागतं, आणि तेही दुसऱ्या कोणीतरी. मास्तरांचं हे काम त्यांची बायको करायची. दारात उभी राहून म्हणायची, "तिसऱ्या फुलाच्या वर. बघतोय तो. काढा." मास्तर कुरकुरत एक पाकळी बुजवायचे. गिऱ्हाइकांनी वाहवा केली की ती मात्र एकट्याने खिशात घालायचे, हेही सांगायला हवं.

दिव्याखाली अंधार होता तो त्यांच्याच झोपायच्या खोलीत. लग्नानंतर महिन्याभरात त्यांनी पलंगालगतची भिंत रंगवली होती. आयुष्यातली पहिली नक्षी. नवी नवरी दारातून म्हणाली, "अहो, यात डोळे आहेत."

"डोळे भिंतीत नाहीत, तुझ्या डोक्यात आहेत," मास्तर म्हणाले.

दोन वर्षांनी एका गिऱ्हाइकाने अशीच तक्रार केली, तेव्हापासून ते तिला प्रत्येक कामावर नेऊ लागले. पण घरच्या भिंतीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि तिनेही पुन्हा काढला नाही. हट्टाला औषध नसतं.

ती कायम पाठ करून झोपायची. मास्तर भिंतीच्या बाजूला, ती बाहेरच्या, तोंड खिडकीकडे. नव्या नवलाईतही तेच, लेक झाल्यावरही तेच. आपण हिला आवडलो नाही, गळ्यात पडलो म्हणून निभावतेय, असं मास्तरांनी मनाशी धरलं. विचारलं कधीच नाही. उलट स्वतःही घुमे होत गेले. जेवताना "मीठ दे" आणि कामावर "दिसतोय का गं अजून?", संपलं बोलणं. गेल्या वर्षी ती गेली, तेव्हा मास्तर मिठाची गुळणी धरून बसले होते. "बाबा, तुम्हाला काहीच वाटत नाही का?" लेकीने रडत विचारलं. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

त्यानंतर त्यांनी एकट्याने रंगवलेली पहिलीच भिंत एका शिक्षिकेच्या झोपायच्या खोलीतली. आठ दिवसांत तिने बोलावून घेतलं.

"मास्तर, राग मानू नका. पण तिथून कोणीतरी बघतंय हो."

"मला तर काही दिसत नाही."

"आडवं झालं की दिसतं. मी आपली तोंड फिरवून झोपते. तर आमचे हे रुसलेत! म्हणतात, माझं काय चुकलं?" आणि ती खळखळून हसली.

मास्तर हसले नाहीत. "उद्या येऊन बुजवतो," एवढं कसंबसं म्हणाले आणि भर दुपारी घरी आले. चपलाही न काढता झोपायच्या खोलीत गेले. वर्षभर रिकाम्या असलेल्या तिच्या जागेवर आडवे झाले, भिंतीकडे कूस वळवली, डोळे किलकिले केले.

त्यांच्या स्वतःच्या उशीच्या वर, वीतभर अंतरावर, दोन डोळे होते. रंग उडाला होता, तरी रोखून बघत होते. एकतीस वर्षांत ती जितक्या वेळा नवऱ्याकडे वळली असेल, तितक्या वेळा तिला आधी हे दिसले असणार.

"हो गं," मास्तर मोठ्याने म्हणाले. "आहेत." आणि वर्षभर न आलेलं रडू त्यांना आलं.

बऱ्याच वेळाने ते उठले. रंग कालवला, पलंगावर गुडघे टेकून एक पाकळी बुजवली. पाच मिनिटांचं काम. मग ब्रश हातात तसाच धरून, सवयीने, भिंतीवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "दिसतोय का गं अजून?"

आणि उत्तरासाठी ते दाराकडे वळले.